चक्रीवादळाचा अंदाज कसा वाचावा: सातारा-सांगलीकरांसाठी

साताऱ्यापासून समुद्र सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर, सांगलीपासून एकशेतीसच्या आसपास. मध्ये सह्याद्री. म्हणून अरबी समुद्रात वादळ उठले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ते कोकणात, आपल्याला काय त्याचे? हे निम्मे खरे आहे. उधाणाचे पाणी घाट चढत नाही आणि वाऱ्याचा जोरही डोंगरात बराच मोडतो. पण बाष्प येते, तीन-चार दिवस आभाळ धरते आणि ऐन फुलोऱ्यातल्या द्राक्षबागेवर पाऊस पडतो. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत निम्मी सांगली गणपतीपुळे-मालवणलाच असते.

वादळ आपल्या बाजूच्या समुद्रात असायला हवे असेही नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आंध्रातल्या काकीनाडाजवळ एका डीप डिप्रेशनने (चक्रीवादळाच्या एक पायरी खालच्या प्रणालीने) किनारा ओलांडला. ते चक्रीवादळ झालेच नव्हते, त्याला नावही नव्हते. तेलंगणा, उत्तर कर्नाटक असे करत ते दक्षिण महाराष्ट्रात आले आणि १४ तारखेला सोलापूर, सांगली, सातारा, पुणे या पट्ट्यात धो धो पाऊस झाला. त्या आठवड्यात फक्त अरबी समुद्राकडे नजर लावून बसलेल्याला काहीच दिसले नसते.

अंदाज नीट वाचायला नव्याने शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आधी धरावी: अंदाज किती दिवस आधीचा आहे ते पाहायचे आणि तेवढ्याच लायकीचा निर्णय त्याच्यावर सोपवायचा. हंगामाच्या अंदाजावर फवारणी ठरत नाही, आणि वादळ किनाऱ्यावर आल्यावर विमा काढता येत नाही.

हंगामाचा आकडा: किती मनावर घ्यायचा

आपल्या समुद्रांत वादळाचे हंगाम दोन. मान्सूनच्या आधी एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा आणि मान्सून परतताना ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र तापलेला असूनही चक्रीवादळे क्वचितच होतात. कारण तेव्हा खालचा वारा पश्चिमेकडून आणि वरचा वारा पूर्वेकडून जोरात वाहतो, आणि उभी राहू पाहणारी प्रणाली मधूनच कातरली जाते. सांगलीचे २००५, २०१९ आणि २०२१चे महापूर याच मधल्या महिन्यांतले, म्हणजे मान्सूनच्या पावसाचे. चक्रीवादळाशी त्यांची गल्लत करू नका. त्यांचे अंदाज, धरणातला विसर्ग, आयर्विन पुलाखालची पातळी हे सगळे वेगळे प्रकरण आहे.

उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सरासरी पाचेक चक्रीवादळे होतात. साधारण चार बंगालच्या उपसागरात आणि एक अरबी समुद्रात. सरासरी म्हणजे हमी नव्हे: २०१९ साली एकट्या अरबी समुद्रात पाच झाली. वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन.

ज्यांची मुले-नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर दर उन्हाळ्यात दुसराच आकडा येतो. अटलांटिक महासागरातला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा सर्वांत जोराचा काळ १० सप्टेंबरच्या आगेमागे. अमेरिकेची नोआ ही सरकारी हवामान संस्था मे महिन्यात अंदाज देते आणि ऑगस्टमध्ये तो सुधारते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचा अंदाज एप्रिलपासूनच सुरू होतो. १९९१ ते २०२० या वर्षांची सरासरी १४ नावे मिळालेली वादळे, त्यांतली ७ हरिकेन आणि त्यांतली ३ मोठी. अंदाज बांधताना मुख्यतः समुद्राचे तापमान आणि एल निनो-ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले आहे की थंडावले आहे, ते पाहतात. एल निनो असला की अटलांटिकवर वरच्या थरातला वारा वाढतो आणि वादळे कमी होतात. ला निनात उलट. हे अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतात. २०२४ साठी नोआने १७ ते २५ वादळे सांगितली होती, झाली १८.

पण हा आकडा अख्ख्या महासागराचा असतो, तुमच्या गावाचा नाही. १९९२चा हंगाम थंड होता, मोजकीच वादळे झाली. त्यांतल्याच अँड्र्यूने फ्लोरिडाचा दक्षिण भाग सपाट केला. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तयारी दरवर्षी तेवढीच करावी लागते. हंगामाच्या आकड्याचा उपयोग विमा, सरकारी साठे, जहाजांची वेळापत्रके ठरवणाऱ्यांना. घरच्या माणसाने तो वाचून बाजूला ठेवावा.

शब्दांची शिडी

बातम्यांत सगळ्यालाच 'वादळ' म्हणतात. भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून नाव देतो, आणि कोणती पायरी कधी हे कळले की अर्धी बातमी आपोआप उलगडते.

वारा ताशी ३१ किलोमीटरच्या खाली असेल तर कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ म्हणजे डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ला पोचले की चक्रीवादळ, आणि नाव इथे मिळते. पुढे ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, १६७ पासून त्याहून वरचा अत्यंत तीव्र हा वर्ग, आणि २२२च्या वर महाचक्रीवादळ. अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात ते ११९च्या वर, म्हणजे साधारण आपले अतितीव्र. तिकडच्या पाच कॅटेगरी त्या पुढच्या, आणि पाचवी २५२ पासून सुरू होते. दोन्हीकडचे आकडे थेट ताडून पाहू नका. अमेरिकेत एका मिनिटाचा सरासरी वारा धरतात, आपल्याकडे तीन मिनिटांचा. त्यामुळे एकाच वादळाचा अमेरिकी आकडा जरा मोठा दिसतो आणि 'आपले खाते लपवते' असे मेसेज सुरू होतात.

नावांचेही तसेच. तेरा देशांनी दिलेली १६९ नावांची यादी २०२० मध्ये जाहीर झाली, आणि तिच्यातले पहिले नाव निसर्ग, बांगलादेशने दिलेले. नाव ठेवले म्हणून वादळ मोठे होत नाही आणि नाव नाही म्हणून लहान नसते. काकीनाडाचे उदाहरण वर आलेच.

वाऱ्याबद्दल एक हिशेब लक्षात असू द्या: वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ६० च्या वाऱ्यात जो पत्रा नुसता वाजतो तो १२० मध्ये हुकासकट उडतो.

कुठे आणि कधी पाहायचे

तीन जागा पुरेत. पहिली, हवामान विभागाच्या दिल्लीतल्या चक्रीवादळ केंद्राचे संकेतस्थळ. उत्तर हिंदी महासागराची अधिकृत जबाबदारी त्यांचीच, नावही तेच ठेवतात. तिथे दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज निघतो: कोणत्या समुद्रात काही तयार होण्याची शक्यता किती. शून्य, कमी, मध्यम, जास्त अशा चार पातळ्या. कमी म्हणजे साधारण एक तृतीयांशच्या आत, जास्त म्हणजे दोन तृतीयांशच्या वर. रोजचे समुद्री हवामानाचे टिपणही असते. प्रणालीचे चक्रीवादळ झाले की दर तीन तासांनी बुलेटिन, आणि किनाऱ्याजवळ आल्यावर तासातासाला.

दुसरी, मुंबई प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज. आपल्याला पाऊस किती ते इथे कळते. तिसरी, शेतकऱ्यांसाठी 'मेघदूत' अ‍ॅप. त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. विजेसाठी 'दामिनी' आणि सरकारी इशाऱ्यांसाठी 'सचेत' हीही ठेवा.

बुलेटिनमधली वेळ पाहण्यात नवशिके हमखास चुकतात. 'यूटीसी' लिहिले असेल तर साडेपाच तास मिळवायचे. ०३ यूटीसी म्हणजे सकाळचे साडेआठ. पावसाचा २४ तासांचा आकडाही सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. पेपरात '१५ तारखेचा पाऊस' दिसतो तो बहुतेक १४ तारखेला पडलेला असतो.

आणि विंडी. ते अ‍ॅप वाईट नाही, वापरण्याची पद्धत वाईट असते. त्यावर दिसते ते एका मॉडेलचे एका वेळचे गणित. अमेरिकी जीएफएस मॉडेल दहा-बारा दिवस पुढची भोवरेदार वादळे बऱ्याचदा उगाच उठवते आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकते. असा लाल-जांभळा भोवरा ग्रुपवर आला की तीन गोष्टी पाहा: तारीख किती दिवस पुढची, युरोपियन मॉडेलवर तेच दिसते का, आणि लागोपाठ तीन-चार वेळा मॉडेल चालल्यावर तो जागेवर राहतो का. पाच दिवसांच्या आत, दोन्ही मॉडेलांत आणि सलग दिसला तरच गुरुवारचे टिपण उघडा. नाहीतर झोपा.

वादळ आपल्यापासून किती लांब आहे

बुलेटिनमध्ये केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते कागदावर उतरवा, पाच मिनिटांचे काम आहे. आपल्या जागा अशा धरा: सातारा १७.७ उत्तर, ७४.० पूर्व, सांगली १६.९ उत्तर, ७४.६ पूर्व, रत्नागिरी १७.० उत्तर, ७३.३ पूर्व. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, आणि आपल्या भागात रेखांशाचा एक अंश साधारण १०६.

समजा केंद्र १५.० उत्तर, ७१.० पूर्व येथे आहे. सांगलीशी अक्षांशातला फरक १.९ अंश म्हणजे २११ किलोमीटर, रेखांशातला ३.६ अंश म्हणजे ३८२. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचे वर्गमूळ: सुमारे ४३५ किलोमीटर. सहा तासांनी पुढची जागा मांडा. अंतर घटते की वाढते, रेषा वायव्येला ओमानकडे जाते की ईशान्येला वळते, हे कागदावर स्पष्ट दिसते. टीव्हीवरच्या फिरत्या भोवऱ्यातून ते कळत नाही.

बाहेर उभे राहूनही एक अदमास येतो. वाऱ्याकडे पाठ करा. कमी दाबाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. अरबी समुद्रातले वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असेल तर आपल्याकडे वारा आधी पूर्व-आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैऋत्येचा होतो. डोंगरातल्या गावांत दरीमुळे दिशा फसवी होते, तिथे हा नियम लावू नका.

शंकूचा अर्थ

नकाशावर केंद्रापासून पुढे रुंद होत जाणारा शंकू दाखवतात. त्याचा अर्थ बहुतेक जण 'एवढ्या भागात वादळ' असा घेतात. चूक. शंकू केंद्राचा आहे: केंद्र यात कुठेतरी असण्याची शक्यता मोठी, एवढेच तो सांगतो. वादळ स्वतः शेकडो किलोमीटर पसरलेले असते, त्यामुळे शंकूच्या बाहेरही वारा-पाऊस पोचतो. उलट, मधली रेषा म्हणजे रूळ नव्हेत. हवामान विभागाच्या मार्गाच्या अंदाजात अलीकडे २४ तास आधी सरासरी ७०-८० किलोमीटरची आणि ७२ तास आधी दीडशेच्या आसपासची चूक राहते. जगातल्या कोणत्याही संस्थेच्या तोडीचे काम आहे हे. तरी दीडशे किलोमीटर म्हणजे गुहागर ते मालवण. तीन दिवस आधी 'गुहागरला धडकणार' असे कुणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज नाही, पैज आहे.

मार्गापेक्षा जोराचा अंदाज कठीण. तापलेल्या समुद्रावर वादळ एका दिवसात दोन पायऱ्या चढू शकते. म्हणून किनाऱ्यावर असाल तर तयारी अंदाजापेक्षा एक पायरी वरची धरावी.

इशारे आणि पावसाचे शब्द

किनारी जिल्ह्यांसाठी चार टप्पे असतात. ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, त्याचा रंग पिवळा. २४ तास आधी चक्रीवादळाचा इशारा, रंग नारिंगी. साधारण १२ तास आधीपासून किनारा ओलांडल्यानंतरच्या परिणामांचा इशारा, रंग लाल. हा शेवटचा टप्पा आतल्या जिल्ह्यांसाठीही असतो, म्हणजे आपण वाचायचा तो हा.

जिल्ह्याच्या पावसाच्या इशाऱ्यातही हेच रंग येतात: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता कृती करा. सोबतचे शब्द मोजून मापून वापरलेले असतात. जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, अति जोरदार ११५.६च्या वर, अत्यंत जोरदार २०४.५ पासून. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे एक चतुर्थांशपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' निम्म्यापर्यंत. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी जोरदार' असा अंदाज असताना तासगावात ८० मिलिमीटर आणि मिरजेत भुरभुर झाली तर अंदाज चुकला असे नाही, बरोबर आला.

मिलिमीटर डोळ्यांसमोर येत नसेल तर असे पाहा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एकरावर १० मिलिमीटर पडला की ४० हजार लिटर पाणी. ६५ पडला की दोन लाख साठ हजार. हे पाणी बागेतून कुठल्या बाजूने निघणार, हा प्रश्न पाऊस येण्याआधी सोडवायचा.

कोकणात जायचे असेल किंवा तिथे घर असेल

किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा पाणी जास्त मारते. वादळाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटतो आणि त्याने पातळी वाढते. बुलेटिनमध्ये 'खगोलीय भरतीपेक्षा एक मीटर जास्त' असे लिहिलेले असते, त्यातले 'पेक्षा' नीट वाचा. हा मीटर नेहमीच्या भरतीवर चढतो. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशी ओहोटीला आला तर फारसे कळतही नाही, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला आला तर तेच पाणी घरात. म्हणून इशारा हाती पडला की पहिल्यांदा तिथी आणि भरतीची वेळ पाहा. त्यात वर पाऊस असेल तर खाडीकाठच्या गावांत नदीचे पाणी समुद्रात उतरूच शकत नाही. चिपळूण, राजापूर यांसारख्या ठिकाणी भरतीच्या वेळचा पाऊस म्हणूनच भारी पडतो. उंच लाटांचा आणि फुगवट्याचा (लांबच्या वादळाकडून येणाऱ्या लाटांचा) अंदाज हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र देते.

बाजूही महत्त्वाची. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेला चालले आहे तिच्या उजव्या हाताला वारा सर्वांत जोरदार असतो. कोकणासमोरून उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू म्हणजे आपला किनारा. मे २०२१ मध्ये तौक्ते महाराष्ट्रात कुठेच किनाऱ्यावर आले नाही, ते गुजरातेत गेले. तरी सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत आंब्याच्या बागा आणि घरे मोडली. ३ जून २०२०चे निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे काही गावांत वीज यायला आठवडे लागले.

पर्यटकांसाठी वेळापत्रक सरळ आहे. आठ दिवस आधी गुरुवारचे टिपण 'जास्त' म्हणत असेल तर पैसे परत मिळणारे बुकिंग करा. ७२ तास आधी पूर्वसूचना निघाली तर निघू नका. तिकडेच असाल तर बोटीची सफर, किल्ल्याची फेरी, पाण्यातले खेळ त्याच दिवशी बंद. ४८ तासांचा इशारा आला की परतीला लागा. २४ तासांच्या इशाऱ्याची वाट पाहिली तर आंबा, कुंभार्ली, आंबेनळी हे घाट तुम्हाला पावसात आणि अंधारात चढावे लागतील. बंदरावर बावटा कितवा आहे ते विचारा: एक-दोन म्हणजे वादळ लांब आहे, तीन-चार म्हणजे बंदरावरच खराब हवेचा इशारा, पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. तीनचा बावटा असताना 'समुद्र तर शांत दिसतोय' म्हणून होडीत बसणारे दरवर्षी असतात. फुगवटा वादळाच्या आधी येतो आणि वाऱ्याशिवाय येतो.

अडकलातच तर: गाडी माडाखाली लावू नका, टाकी भरून घ्या, मोबाइलचे नेटवर्क गेले की डिजिटल पैसे चालत नाहीत म्हणून दोन-तीन हजार रोख जवळ ठेवा, पिण्याचे पाणी माणशी रोज तीन-चार लिटर धरून तीन दिवसांचे भरा. वारा एकदम थांबला आणि आभाळ उघडले तर बाहेर धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट बाजूने येतो, आणि आधीच हललेले पत्रे नि झाडे तेव्हा पडतात.

घाटमाथा: पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा

समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते आणि तिथेच रिकामी होते. त्यामुळे किनाऱ्यापेक्षा घाटात पाऊस जास्त असू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतले हेलीन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले, पण शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात पूर आणि दरडींनी शंभरावर माणसे गेली. तिथे समुद्राचा थेंबही पोचला नव्हता. आपल्या डोंगराचा स्वभाव जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावच्या दरडींत दिसला. तो पाऊस मान्सूनचा होता, पण उताराला पाऊस कशाने आला त्याच्याशी कर्तव्य नाही.

ऑक्टोबरच्या वादळी पावसात माती चार महिने भिजलेली असते, धरणेही बहुतेक भरलेली. उतारावर नवी भेग, झाडे किंवा विजेचे खांब तिरपे होणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ येणे किंवा आटणे, यांतले काही दिसले तर अंदाजाची वाट न पाहता त्या उताराखालून हला. दिवसाउजेडी हला.

बाग, बेदाणा आणि रानातले पीक

इथे वेळेचा हिशेब सर्वांत उपयोगी.

हंगामाआधी: ऑक्टोबर छाटणी सगळी एकाच आठवड्यात उरकू नका. प्लॉट पाडून दहा-बारा दिवसांच्या अंतराने घ्या. वादळी आभाळ तीन-चार दिवस राहते; सगळी बाग एकाच वेळी फुलोऱ्यात असेल तर सगळीच गळ आणि कुजेला सापडते. फळपीक विम्याची मुदत वादळ दिसायच्या आधीच संपते, तेव्हा तो निर्णय आत्ताच. हवामानावर आधारित विम्यात तुमच्या बागेतला पाऊस नव्हे, तर महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद धरतात. ते केंद्र कुठे आहे आणि चालू आहे का, ते माहीत असू द्या.

दोन आठवडे आधी, टिपणात 'मध्यम' किंवा 'जास्त' आले: ब्लोअरचे नोझल, पंपाचा पट्टा, डिझेल आणि औषधांचा साठा तपासा. पाऊस सुरू झाल्यावर सगळ्या तालुक्याला एकच औषध हवे असते. बागेच्या खालच्या बाजूचे चर मोकळे करा.

पाच-सहा दिवस आधी: माल तयार असेल तर व्यापाऱ्याशी आणि तोडणीच्या टोळीशी तारीख पुढे ओढण्याबद्दल बोला. पक्व मण्यांवर पाऊस पडला की मुळे एकदम पाणी ओढतात, साल ताणते आणि मणी तडकतात. सोयाबीन काढणीला आले असेल तर कापून शेतात पसरून ठेवण्यापेक्षा उभे राहिलेले बरे. कापायचेच असेल तर त्याच दिवशी गंजी लावून ताडपत्री. ताडपत्री वरून टाकताना खाली फळ्या किंवा दगड हवेत, नाहीतर पाणी बुडातून चढते आणि वरून कोरडी दिसणारी गंजी आत तापते.

तीन दिवस आधी: ठिबक बंद. आता पाणी दिले तर पावसानंतर वाफसा यायला तेवढेच दिवस जास्त लागतील, आणि काळ्या रानात ट्रॅक्टर शिरणार नाही. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, ही फुलोऱ्यातल्या बागेची खरी भीती. तिच्यासाठीची प्रतिबंधक फवारणी पानांवर वाळायला वेळ मिळेल अशी उरका. औषध आणि मात्रा बागेच्या अवस्थेनुसार सल्लागाराकडूनच घ्या आणि लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाळा. निर्यातीच्या मालात उरलेला अंश नडतो. पाऊस सुरू असताना मारलेले औषध मात्र जमिनीला जाते.

एक दिवस आधी: मांडवाच्या कडेच्या ताणतारा आणि कोपऱ्याचे खांब पाहा. घड भरलेल्या मांडवाला ओल्या मातीत वारा लागला की कडेचा एक खांब सुटतो आणि ओळच्या ओळ बसते. शेडनेट, पॉलिहाऊसचे पडदे, स्ट्रॉबेरीचे मल्चिंग बांधून घ्या. सैल प्लॅस्टिक पूर्ण काढलेले परवडते.

बेदाण्याचे शेड एप्रिलपर्यंत चालू असेल तर वाऱ्याच्या बाजूचे पडदे खालपर्यंत ओढा आणि तळाला वाळूच्या गोण्या ठेवा. आभाळ आले की हवेतला दमटपणा वाढून वाळण लांबते, आणि नेटवरचा अर्धवट वाळलेला माल काळपट पडतो. दोन दिवसांत आभाळ येणार असे दिसत असेल तर नवा माल डिपिंग करून (द्रावणात बुडवून) जाळीवर टाकू नका.

पाऊस थांबल्यावर पहिले काम चराचे, दुसरे घडांचे. औषध न सोडता नुसता ब्लोअर फिरवून घडातले पाणी झटका. फुलोऱ्यात साठलेले पाणी कुजेचे पहिले कारण. माती वाफशावर यायच्या आत ट्रॅक्टर घातला तर चाकोऱ्यांत पाणी साठते आणि पांढरी मुळे गुदमरतात. नुकसान झाले असेल तर साफसफाईच्या आधी फोटो काढा. तारीख, जागा आणि गटाची खूण त्यात दिसू द्या. मग तलाठी आणि कृषी सहायकांकडे पंचनाम्यासाठी अर्ज. आधी बाग साफ करून मग अर्ज करणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.

जूनचे वादळ आणि पेरणी

मान्सूनच्या तोंडावरचे वादळ दोनपैकी एक करते: किनाऱ्याजवळून जाताना पाऊस देते, किंवा ओलावा स्वतःकडे ओढून मान्सून अडवते. २०२३ मध्ये बिपरजॉयच्या वेळी मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच दोन आठवडे घुटमळला. वादळ स्वतः १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ गेले. वादळाच्या कडेचा असा एखादा शिडकावा माण, खटाव, आटपाडी, जतकडे पडतो, आभाळ भरलेले दिसते आणि तिफणी बाहेर निघतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नका. पाऊस वादळाचा की मान्सूनचा हे ओळखायला हवामान विभागाचा मान्सूनच्या उत्तर सीमेचा नकाशा पाहा. ती रेषा तुमच्या तालुक्याच्या पुढे सरकली नसेल तर बियाण्याची पिशवी बांधलेलीच राहू द्या.